कोहा, ई-ग्रंथालय की एक्सेल? छोट्या वाचनालयाने काय निवडावं

महाल, इतवारी, धरमपेठ, नागपुरातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत हल्ली हा विषय निघतोच: पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या, पण कशात? कोहा आणि ई-ग्रंथालय या ग्रंथालयाचं काम चालवणाऱ्या आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) आहेत, तिसरा पर्याय साध्या एक्सेलचा. आमच्या वाचनालयात यावर बऱ्याच बैठका झाल्या. आता ठरवायला बसलेल्यांना त्यातलं उपयोगी पडेल ते सांगतो.

सोल हे नावही कानावर येईल. तीही अशीच आज्ञावली, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची, मुख्यतः महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी. सार्वजनिक वाचनालयाने त्यात वेळ घालवू नये.

कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० साली सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवाना मुक्त आहे, आज्ञावलीला पैसे पडत नाहीत. पण ते विंडोजवर नाही, लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतं, आणि ते बसवणारा, अद्ययावत ठेवणारा, रोजची प्रत दुसरीकडे काढून ठेवणारा माणूस लागतो. तो नसेल तर एखाद्या संस्थेला वार्षिक शुल्क देऊन काम सोपवावं लागतं. फुकट म्हणून कोहा घेणारे इथेच फसतात.

ई-ग्रंथालय राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं. त्याची ३.० आवृत्ती विंडोजवर बसवावी लागे, ४.० ब्राउझरमधून चालते आणि माहिती सरकारी क्लाउडवर, म्हणजे नेटवरून जोडलेल्या सरकारी संगणकांवर राहते. वाचनालयात सर्व्हर नको, लिनक्स जाणणारा नको. ज्यांच्याकडे एकच ग्रंथपाल आणि एक शिपाई आहे, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. मात्र ते आधी सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. आपली संस्था अनुदानित असली तरी खाजगी न्यासाची असते, म्हणून आपल्याला ते कोणत्या अटींवर मिळेल याचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय ठराव करू नका.

नेट गेलं की दोघांतला फरक लगेच कळतो. वाचनालयातल्याच संगणकावर बसवलेलं कोहा नेटशिवाय देवघेव करत राहतं, ई-ग्रंथालय थांबतं. उलट नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टर बसला आणि हार्डडिस्क बिघडली, तर क्लाउडवरचं सगळं शाबूत असतं आणि कोहाची प्रत दुसरीकडे नसेल तर हाती काहीच उरत नाही. (संगणक कूलरच्या झोतात ठेवू नका, हेही सांगून ठेवतो.)

आता मराठीचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि प्रात्यक्षिकात तो कोणी दाखवत नाही. आमच्या वाचनालयात काम करणाऱ्या दोन मुलींनी तीन महिने बसून जुन्या फॉन्टमध्ये नोंदी केल्या. नव्या संगणकावर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ती मेहनत आठवली की आजही वाईट वाटतं. म्हणून पहिली अट युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीची. पण तेवढ्यानेही भागत नाही. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चं तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या नोंदींत अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे असतात. वाचक शोधतो, पुस्तक कपाटात असतं आणि संगणक ‘नाही’ म्हणतो. कोहाच्या शोधयंत्रात देवनागरीसाठी आयसीयू पद्धतीची (युनिकोडमधल्या लिप्या ओळखणारी) अनुक्रमणी, म्हणजे शोधसूची, लावता येते. ती लावून द्या असं बसवणाऱ्याला स्पष्ट सांगा. ई-ग्रंथालयात असे बदल आपल्या हातात नसतात, म्हणून तिथे टंकण्याची शिस्त आणखी कडक लागते.

दिवाळी अंकांसाठी कोहा मला उजवं वाटतं. अंकांचा वेगळा प्रकार करून चार दिवसांची मुदत, वेगळा दंड, आधीची मागणी असं सगळं लावता येतं. नोव्हेंबरात काउंटरवर बसलेल्याला विचारा, याची किंमत तो सांगेल.

एक्सेलला मी कमी लेखत नाही. दोन-तीन हजार पुस्तकं आणि शंभरेक सभासद असतील तर एक वर्ष तेच वापरा. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत एवढे रकाने नीट भरले की ती माहिती पुढे कोहात नेता येते. फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) करताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. देवघेवीसाठी मात्र एक्सेल नको. एकाच वेळी दोघं बसले की नोंदी एकमेकांवर चढतात.

कागदी दाखल नोंदवही कुठल्याच पर्यायात बंद करू नका.

माझा कौल असा. संगणक सांभाळणारा माणूस किमान तीन वर्षं टिकणार असेल, तर कोहा. असा कोणी नसेल आणि एनआयसीकडून होकार आला, तर ई-ग्रंथालय. दोन्ही नसेल तर एक्सेलमध्ये नोंदी स्वच्छ करायला आजच बसा. आणि शेवटी काहीही घ्या, आधी पन्नास पुस्तकं भरून पाहा. त्यांत ‘ऱ्या’ची दहा आणि ‘ॲ’ची पाच असू द्या, मग एखाद्या नेहमीच्या सभासदाला बोलवून ती शोधायला सांगा. सापडली, तर त्याच पन्नास नोंदी बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडा. पैसे त्यानंतर द्या.