‘ट्रॅक्टर जुना आहे’ म्हणत गळ्यात मारलं जाणारं ट्रॉलीचं वायरिंग

ऊस हंगामाच्या तोंडावर जुन्या ट्रॅक्टरला ट्रॉलीचे दिवे जोडून घ्यायची घाई असते आणि फसवणूक तेव्हाच होते. भर दुपारी, रिकाम्या ट्रॉलीवर, इंजिन चालू ठेवून मिस्त्री ब्रेक दाबायला सांगतो. लाल दिवा पेटतो, इंडिकेटर टिकटिकतो, पैसे चुकते होतात. पंधरा-वीस दिवसांत मागचे दिवे मिणमिणायला लागतात. परत नेलं की उत्तर ठरलेलं: “दादा, ट्रॅक्टर जुना आहे, डायनॅमो उचलत नाही. अल्टरनेटर बसवून घ्या.” (दोन्ही इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतात, अल्टरनेटर नव्या पद्धतीचा.) पहिली लूट झाकायला ही दुसरी.

डायनॅमोवरचा आळ खरा की खोटा, हे साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. इंजिन मध्यम रेसवर ठेवा, कारण डायनॅमो आयडलला फारसा चार्ज देत नाही. दिवे लावा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहा. 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठणठणीत आहे. आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि ट्रॉलीच्या ब्रेक बल्बच्या होल्डरवर मोजा. तिथे 10 व्होल्ट असतील, तर बाकीचे मधल्या वायरिंगने खाल्लेत. मोजताना बल्ब पेटलेलाच हवा. बल्ब काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि सडक्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. मिस्त्रीचा छोटा टेस्ट लॅम्पही याच कारणाने सगळं ‘ओके’ दाखवतो.

असं काम उघडलं की आत काय निघतं? बिलावर ‘दीड एमएम कॉपर’ (म्हणजे धातूचा छेद दीड चौरस मिलिमीटर), पाइपात अर्धा एमएम, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. बाहेरचं जाड प्लास्टिक पाहून जाडीचा अंदाज करू नका, फसवायची जागा तीच आहे. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. (कलई केलेली तांब्याची तार याच्या उलट असते, वरून पांढरी आणि आत लाल. ती चांगली.) लायटरवर धरली तर ॲल्युमिनियमची बारीक तार वितळून गळते, तांब्याची लाल होऊन तशीच राहते.

ही काटकसर किती महागात पडते, त्याचा हिशोब करून ठेवा. ट्रॉलीचे 21 वॅटचे दोन ब्रेक बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. बॅटरीपासून ट्रॉलीच्या शेपटीपर्यंत साधारण 9 मीटर वायर जाते, अर्थची, म्हणजे परतीची, तेवढीच परत येते. दीड एमएम तांब्यात या 18 मीटरवर पाऊण व्होल्ट जातो. अर्ध्या एमएममध्ये सव्वादोन. मुलाम्याच्या वायरचा रोध तांब्याच्या दीडपट, म्हणून तिच्यात तीन व्होल्टच्या वर. 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तरी बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो. त्यात ॲल्युमिनियमचे जोड दव आणि चिखलाने आतून पांढरे पडून व्होल्टेज खातात, म्हणूनच दिवे पहिल्या दिवशी झकास आणि तिसऱ्या आठवड्यात गायब.

सगळ्यात मोठी चोरी मात्र अर्थची. वेगळी वायर न ओढता अर्थ ट्रॉलीच्या सांगाड्याला टेकवतात आणि परतीचा करंट हुकच्या पिनमधून जाईल असं गृहीत धरतात. त्या पिनेवर ग्रीस असतं, गंज असतो, आणि प्रत्येक हिसक्याला तिचा संपर्क तुटतो. अर्थ तुटला की 21/5 वॅटच्या दुहेरी बल्बमध्ये करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो: ब्रेक दाबला की टेल (मागचा कायम पेटणारा लाल दिवा) मंदावतो, डावा इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे लुकलुकतात. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थ तपासा. दिवे लावून मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी ट्रॉलीच्या दिव्याच्या अर्थवर ठेवा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला की अर्थ खराब.

सात पिनच्या सॉकेटमध्येही गोंधळ करून ठेवतात. ठरलेली जोडणी अशी: 1 पिवळी डावा इंडिकेटर, 2 निळी मागचा फॉग, 3 पांढरी अर्थ, 4 हिरवी उजवा इंडिकेटर, 5 तपकिरी उजवा टेल, 6 लाल ब्रेक, 7 काळी डावा टेल. सवयीने काळी वायर अर्थला लावणारे पुष्कळ. स्वतःच्या ट्रॉलीवर ते चालून जातं. दुसऱ्याची ट्रॉली जोडली, टेल लावला की थेट शॉर्ट. आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला असेल तर वायर बॅटरीपर्यंत जळत जाते. बिलात ‘रिले’ (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) लिहून मोकळी डबी बसवलेलीही सापडते. रिले असेल तर ब्रेक दाबताना टिक् आवाज येतो, बोटाला धक्काही जाणवतो.

जुन्या ट्रॅक्टरवर रिले चैनीसाठी नसतो. जुनाट बटण ट्रॉलीचा जादा भार सोसत नाही, तापतं. जोडणी सोपी आहे: बॅटरीपासून वीतभर अंतरावर 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या टोकाला, 87 वरून ट्रॉलीकडे, ट्रॅक्टरच्या ब्रेकची वायर 86 ला, 85 अर्थला. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना डबीवाला फ्लॅशर जादा बल्बने भराभर मारायला लागतो, एलईडीवर तर मारतच नाही. त्याऐवजी ट्रॉलीसकट भार घेणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

काम देताना वायर स्वतः आणा: दिव्यांना दीड एमएम, अर्थला अडीच एमएम, कारण सगळ्या दिव्यांचा करंट त्यातूनच परततो. जोड दाबून, सोल्डर करून त्यावर स्लीव्ह हवी. पिळून टेप मारलेला जोड घेऊ नका. टेप गुंडाळण्याआधी प्रत्येक जोड पाहायला मागा. हुकजवळ वळणापुरती ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच यू-टर्नला केबल तुटते. बिलावर वायरची कंपनी, एमएम आणि रिलेचे नग लिहून घ्या. पैसे देण्याआधी अंधार पडू द्या, हुकची पिन हलवत टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लावून बघा.