युरोपीय संघाचे निवडणूक निरीक्षण: निवेदनापेक्षा अहवाल मोलाचा

परदेशांतील लोकशाहीला बळ देण्यासाठी युरोपीय संघ जे उपक्रम चालवतो, त्यांपैकी निवडणूक निरीक्षण मोहिमांचे अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात. केनिया, श्रीलंका आणि व्हेनेझुएला येथील मोहिमांचे अहवाल सलग वाचल्यावर या सेवेविषयी माझे जे मत झाले, ते येथे मांडतो.

मोहीम यजमान देशाच्या निमंत्रणाशिवाय जात नाही. बहुधा युरोपीय संसदेचा सदस्य तिचा मुख्य निरीक्षक असतो आणि दीर्घकालीन निरीक्षक मतदानाच्या काही आठवडे आधीपासून निरनिराळ्या भागांत राहून मतदार याद्या, प्रचार आणि तक्रारींचा निपटारा पाहतात. मतदानानंतर दोनेक दिवसांत प्राथमिक निवेदन येते आणि अंतिम अहवाल काही महिन्यांनी.

माझा मुख्य आक्षेप या घाईच्या निवेदनावर आहे. केनियात ८ ऑगस्ट २०१७ रोजी मतदान झाले आणि १० ऑगस्टला, निकालाची अधिकृत घोषणा होण्यापूर्वीच, मोहिमेने आपले निवेदन वाचून दाखवले. त्यात सावधगिरीची वाक्ये होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु बाहेरच्या जगाने ते पसंतीची पावती म्हणूनच ऐकले. १ सप्टेंबरला तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल पाठवण्याच्या प्रक्रियेतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवून अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द ठरवली. मतदान केंद्रावरील शांत रांग दोन दिवसांत तपासता येते, पण केंद्रावरचा आकडा राजधानीपर्यंत कसा पोहोचला हे इतक्या लवकर कळत नाही, आणि मोहिमेने ते आणखी ठळकपणे सांगायला हवे होते.

अंतिम अहवाल मात्र मला मनापासून आवडले. त्यांच्या शेवटी शिफारशींचा तक्ता असतो. कोणती सुधारणा हवी, त्यासाठी कोणता कायदा बदलावा लागेल आणि जबाबदारी कोणत्या संस्थेची, हे त्यात ओळीने दिलेले असते. श्रीलंकेतील २०१९ च्या मोहिमेने प्रचारखर्चावर कायदेशीर बंधन नसल्याची उणीव दाखवली होती. २०२३ मध्ये तेथे निवडणूक खर्च नियमनाचा कायदा झाला आणि २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी मोहीम पुन्हा आली, तेव्हा त्याची अंमलबजावणीही तिला पाहता आली. या कायद्याचे श्रेय एकट्या युरोपचे नाही, कारण स्थानिक निरीक्षक संस्था ही मागणी वर्षानुवर्षे करत होत्या. तरीही कलमवार लिहिलेला, जाहीर झालेला कागद अशा मागणीला आधार देतो.

शिफारशी बंधनकारक नसतात, ही मर्यादा मला फारशी खटकत नाही. निमंत्रणाची अट मात्र खटकते. व्हेनेझुएलाने २०२१ च्या प्रादेशिक निवडणुकांसाठी पंधरा वर्षांनंतर प्रथमच या मोहिमेला येऊ दिले, आणि जुलै २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे निमंत्रण मे महिन्यातच मागे घेतले. ज्या मतदानाच्या निकालावरून तो देश पेटला, नेमका त्याच मतदानाचा अहवाल या संग्रहात नाही.