जुनं सी एक्स्टेन्शन नव्या पायथनवर न्यायचंय: डागडुजी करायची, नव्याने लिहायचं की काढूनच टाकायचं?

गेल्या आठवड्यात इकडे गोव्यात साखळीहून एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. "दादा, आमच्याकडे वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर आहे, पायथन २.७ वर, त्यात एक सी मॉड्यूल आहे, ज्याने लिहिलं तो माणूस कधीच सोडून गेलाय, आणि आता साहेब म्हणतायत नवीन पायथनवर ने, तर सगळं परत लिहू की आहे तेच ठाकठीक करू?" (सी मॉड्यूल किंवा सी एक्स्टेन्शन म्हणजे सी भाषेत लिहून पायथनला जोडलेला कोडचा तुकडा.) तासभर बोललो आम्ही. फोन ठेवल्यावर वाटलं की डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात हाच प्रश्न अजून किती जणांपुढे असेल, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे असा जुना कोड जास्त का सापडतो ते वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ लीज रद्द केल्या, मार्चमध्ये खाणी थांबल्या, आणि काट्यावरचे पीसी प्लास्टिक घालून तसेच बंद राहिले. पायथन काही थांबला नाही. २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, ३.१२ आला ऑक्टोबर २०२३ मध्ये, ३.१३ त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात, ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये. आता परत ट्रक दिसायला लागलेत तर पीसी उघडायचा आणि सात-आठ वर्षांची उडी एकदम मारायची, असं ते झालंय.

मी स्वतः फोंड्यात बसून अशी दोन मॉड्यूलं पोर्ट केली आहेत, म्हणजे नव्या पायथनवर आणली आहेत. एक वजन वाचणारं, साधारण चारशे ओळींचं, जे काट्याच्या डीएलएलवर (काट्यासोबत येणाऱ्या विंडोजच्या तयार लायब्ररीवर) नुसतं पांघरूण होतं. दुसरं बार्जमध्ये भरायच्या मालाच्या लॉटचा ग्रेड काढणारं, तीन हजार ओळींचं, ज्यात सी मध्येच स्वतःचे टाइप बनवले होते, लिस्ट होत्या, इटरेटर होते, सगळं. पहिलं मी काढून टाकलं आणि दुसऱ्याची डागडुजी केली, आणि दोन्ही निर्णय आजही बरोबर वाटतात.

पण पर्याय बघायच्या आधी त्या पीसीसमोर जाऊन बसा. खरंच सांगतो, अर्धा निर्णय तिथेच होतो. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे जाताच येत नाही, आणि ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्येच संपलाय, म्हणजे आधी मशीन बदला मग कोडचं बघू. ३.१३ पासून तर विंडोज १० लागतंच. दुसरं, काट्याची डीएलएल ३२ बिटची आहे का ते बघा, कारण ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या पायथनमध्ये लोड होत नाही, कितीही डोकं आपटा. मग ३२ बिटचा पायथन घ्या, किंवा वजन वाचायचं काम वेगळ्या प्रोसेसला द्या. माझे दोन दिवस या एकाच गोष्टीत गेले कारण एरर मेसेजवरून हा ३२-६४ बिटचा घोळ आहे हे सरळ कळत नाही.

आणि मग सी च्या फाइलमध्ये पाय (Py) या अक्षरांनी सुरू होणारे कॉल किती आहेत ते मोजा. खरं काम कुठे चाललंय, साध्या सी मध्ये की पायथनच्या ऑब्जेक्टांशी खेळण्यात, हे त्यावरून कळतं, आणि माझ्या मते सगळा निर्णय यावरच उभा आहे.

पांघरूण टाइपचं मॉड्यूल असेल, म्हणजे आत फंक्शन पाच-सात, नंबर आत जातात, नंबर बाहेर येतात, तर पोर्ट करूच नका. ते एक्स्टेन्शन फेकून द्या आणि सीटाइप्स वापरून डीएलएल सरळ पायथनमधून बोलवा. सीटाइप्स पायथनसोबतच येतं, २.५ पासून आहे, कंपायलर लागत नाही, आणि पुढच्या वर्षी पायथनचं नवीन व्हर्जन आलं तरी परत बिल्ड करायची कटकट नाही. कॉल जरा महाग पडतो हे खरं, पण काटा सेकंदाला चार-पाच वेळा वाचायचा असेल तर तो फरक कोणाला जाणवणार आहे?

तिथे दोन खड्डे आहेत ते मात्र लक्षात ठेवा. फंक्शन काय परत देतंय ते सांगितलं नाही तर सीटाइप्स त्याला इंट समजतं, आणि ६४ बिटच्या पायथनमध्ये पॉइंटर अर्धा कापला जातो. गंमत म्हणजे कधीकधी चालतं सुद्धा आणि मग भलत्याच वेळी प्रोग्राम पडतो. त्यामुळे प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स (आत काय जातं) आणि रेसटाइप (परत काय येतं) लिहायचेच, एकही सोडायचा नाही. दुसरं म्हणजे कॉलबॅक. डीएलएलला पायथनचं फंक्शन दिलं आणि ते आपल्याकडे कुठल्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं नाही तर गार्बेज कलेक्टर ते उचलून नेतो आणि डीएलएल रिकाम्या जागी हाक मारत बसते. सीएफएफआय हा याचा जरा शिस्तीचा भाऊ, सी चं डिक्लेरेशन आहे तसं त्याला देता येतं, चुका बिल्डच्या वेळी पकडल्या जातात, पण त्या पद्धतीत कंपायलर लागतो. स्ट्रक्चर बरीच असतील तर सीएफएफआय, नाहीतर सीटाइप्स पुरे.

आता दुसरा प्रकार, जाडजूड मॉड्यूल. इथे लोकांना मोह होतो की एवढं करतोच आहोत तर सायथनमध्ये (पायथनसारखा कोड सी मध्ये बदलून देणारं साधन) किंवा सी++ मध्ये सगळं नव्याने लिहू. मी याच्या विरोधात आहे, अगदी मनापासून. पोर्टिंग आणि नवीन लिहिणं एकाच वेळी केलं की ग्रेड ०.३ टक्क्याने चुकला तर तो नव्या पायथनमुळे की आपल्या नव्या कोडमुळे हे शोधायला काही आधारच राहत नाही, आणि इथे त्या आकड्यावर मालाचा भाव ठरतो.

म्हणून आधी डागडुजी. २.७ वरून येताना पहिला मार बसतो तो मॉड्यूल सुरू करायच्या पद्धतीला, जुनं पाय_इनिटमॉड्यूल गेलं, त्याच्या जागी पायमॉड्यूल_क्रिएट आलं. पायइंट गेलं, सगळं पायलाँग झालं. हे यांत्रिक काम आहे, दुपारभरात होतं. खरा घाम काढतं ते स्ट्रिंग. जुन्या पायस्ट्रिंगचे आता दोन झालेत, बाइट्स आणि युनिकोड, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याला ठरवावं लागतं हे नक्की काय आहे. आमच्या कोडमध्ये ट्रकवाल्यांची नावं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटच्या बाइट्समध्ये साठवलेली होती. २.७ ला त्याचं काही पडलेलं नव्हतं, आलं तसं पुढे ढकलत होता. ३ मध्ये पाय_बिल्डव्हॅल्यूला एस दिलं की तो बाइट्स यूटीएफ-८ समजून वाचायला जातो आणि तिथेच एरर फेकतो. तिथे वाय द्यायचं, म्हणजे बाइट्स जसेच्या तसे बाहेर येतात, आणि मग फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर पायथनच्या बाजूला निवांत करायचं. हे एक काम मी सर्वात शेवटी ठेवलं होतं, ते सर्वात आधी करायला हवं होतं.

स्ट्रिंगच्या सोबत लांबीही घेत असाल, म्हणजे फॉरमॅटमध्ये हॅश असेल, तर ३.१० पासून फाइलच्या वर पाय_एसएसाइझ_टी_क्लीन डिफाइन केलेलं लागतं, नाहीतर कंपाइल छान होतं आणि चालवताना एरर येते. ३.१३ पासून त्याची गरज राहिलेली नाही, पण मधली व्हर्जन सांभाळायची असतील तर राहू द्या, काही बिघडत नाही.

मग ३ च्या आतले बदल. ३.११ मध्ये पाय_टाइप हे खरं फंक्शन झालं, त्यामुळे डावीकडे ठेवून त्याला किंमत देता येत नाही, पाय_सेट_टाइप वापरायचं. ३.१२ मध्ये जुनं पाय_युनिकोडवालं एपीआय गेलं आणि डिस्टयूटिल्सही गेलं, म्हणजे सेटअपची फाइल पहिल्याच ओळीला पडते, तिथे सेटअपटूल्स घ्यायचं आणि ते वेगळं इन्स्टॉल करायचं कारण नव्या व्हेन्वमध्ये (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) ते आपोआप येत नाही. ३.१३ मध्ये पायइव्हॅल_कॉलऑब्जेक्ट आणि त्याची भावंडं गेली. ही सगळी यादी पाठ करायची गरज नाही, पायथनकॅपी-कॉम्पॅट नावाचं एक हेडर मिळतं, व्हिक्टर स्टिनर यांनी सुरू केलेलं, ते प्रोजेक्टमध्ये टाकलं की नव्या नावांची फंक्शनं जुन्या व्हर्जनवरही मिळतात, सोबत जुनी नावं बदलून देणारी स्क्रिप्ट पण आहे. एकच सोर्स दोन्हीकडे चालतो. माझ्या मते डागडुजीच्या बाजूने सर्वात मोठा मुद्दा हाच, कारण जुनं आणि नवीन शेजारी शेजारी चालवून आकडे जुळवता येतात.

कंपायलर बोंब मारतो ते बरं असतं. जे गुपचूप बिघडतं त्याची भीती. स्वतःचे टाइप पायटाइप_फ्रॉमस्पेकने बनवले असतील तर ३.८ पासून प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या टाइपचा एक रेफरन्स धरून ठेवतो, तो डीअ‍ॅलोकमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सोडायचा असतो, नाही सोडला तर काही पडत नाही, फक्त मेमरी हळूहळू गळत राहते, आणि काट्याचा प्रोग्राम महिना-महिना चालू असतो. डीएलएल शोधायची पद्धत सुद्धा ३.८ पासून विंडोजवर बदलली, आता पाथमध्ये फोल्डर टाकून भागत नाही, अ‍ॅड_डीएलएल_डिरेक्टरीने सांगावं लागतं. टेस्ट करताना पायथन एक्स डेव्ह (-X dev) मोडमध्ये चालवा, फॉल्टहँडलर चालू होतो, सेगफॉल्ट आला, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्राम कोसळला, तर निदान पायथनच्या कुठल्या ओळीवर होता ते दिसतं.

डागडुजी झाली की मग पुढचा विचार, स्टेबल एबीआय. म्हणजे एकदा बिल्ड केलेली फाइल पुढच्या सगळ्या ३ व्हर्जनवर चालते. ऐकायला फार छान, आणि ज्यांचे काटे पेडण्यापासून सांग्यापर्यंत पसरलेत त्यांच्यासाठी खरंच छान, प्रत्येक ठिकाणी वेगळी फाइल द्यायला नको. पण त्यात स्ट्रक्चरच्या आत हात घालता येत नाही, स्टॅटिक टाइप चालत नाहीत, काही वेगवान मॅक्रो मिळत नाहीत, आणि बफर प्रोटोकॉल (कॉपी न करता एकाच मेमरीत दोघांनी काम करायची सोय) लागत असेल तर किमान ३.११ धरावा लागतो. एक-दोनच मशीन असतील तर या भानगडीत पडू नका, दर व्हर्जनला परत बिल्ड करा.

सायथन कधी? आत लाखो वेळा फिरणारं लूप आहे आणि सी लिहिणारं ऑफिसात कोणी उरलं नाही, तेव्हा. नवं पायथन आलं की सायथन अपडेट करायचा आणि सी परत जनरेट करायचं, बहुतेक बदल तोच सांभाळतो. मात्र काही प्रोजेक्टांत सायथनची मूळ पीवायएक्स फाइल हरवलेली असते आणि फक्त जनरेट झालेलं सी उरलेलं असतं, ते हाताने पोर्ट करायला जाऊ नका, तीस हजार ओळींचं ते जंगल माणसाने वाचायसाठी नाहीच. आत सी++ चे क्लास असतील तर ते पायथनला जोडून देणारं पायबाइंड११ घ्या, त्याच लेखकाचं नॅनोबाइंड आटोपशीर आहे पण त्याला सी++१७ लागतं. नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी वापरत असाल तर जून २०२४ मध्ये आलेल्या २.० ने एबीआय (बिल्ड झालेली फाइल जुळायची पद्धत) बदललंय, तेव्हा २ वर बिल्ड करा, ती फाइल जुन्या १ वरही चालते, उलटं होत नाही.

जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, ते नसलेल्या बिल्डबद्दल साखळीच्या मुलीने विचारलं होतं. ३.१४ पासून तो अधिकृत झालाय, पण आपलं मॉड्यूल जीआयएलशिवाय चालतं असं जाहीर केलेलं नसेल तर इम्पोर्ट केल्यावर पायथन वॉर्निंग देऊन जीआयएल परत चालू करतो, म्हणजे फायदा शून्य. आणि ३.१४ मध्ये तिथे स्टेबल एबीआय पण चालत नाही. काट्याला त्याची गरज नाही, सोडून द्या.

राहिला शेवटचा पर्याय, जुनं आहे तसं ठेवायचं आणि वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून नव्या पायथनने त्याच्याशी सॉकेटवरून बोलायचं. लोक याला पळवाट म्हणतात, मी म्हणत नाही. ३२ बिटची डीएलएल आहे, बनवणाऱ्याने नवीन द्यायचं बंद केलंय, सीझन तोंडावर आहे, तर हाच शहाणपणाचा मार्ग. फक्त तो जुना पायथन नेटवर्कला उघडा ठेवू नका, त्याच मशीनपुरता ठेवा.

साखळीच्या मुलीचं मॉड्यूल मी तिच्याकडून मागवून बघितलं. साडेसहाशे ओळी, त्यातल्या पाचशे नुसतं पॅरामीटर उलगडणं आणि परत गुंडाळणं, खरे कॉल नऊ, डीएलएल ३२ बिटची, मशीन विंडोज १०. तिला सांगितलं की ३.१३ चा ३२ बिट पायथन घे, ऑक्टोबर २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, सीटाइप्समध्ये नऊ फंक्शनं लिही, आणि जुना प्रोग्राम दुसऱ्या पीसीवर तसाच चालू ठेवून दोन आठवडे प्रत्येक ट्रकचं वजन दोन्हीकडे नोंदव. चवथीच्या सुट्टीत काटा बंद असतो, तेव्हा बदलायचं ठरलंय. काल रात्री तिचा मेसेज आला, सात फंक्शनं चालतायत, आठवं शून्य वजन दाखवतंय. मी एवढंच विचारलं, रेसटाइप डबल लिहिलंस का? थोड्या वेळाने उत्तर आलं, नव्हतं लिहिलं, आता १६.४२ टन दाखवतंय, जुन्यावर पण तेच आहे.