बायपोलरमधला विसराळूपणा: एमआरआय काढावा की स्मृतीची चाचणी करावी?

रावेरकडे केळीच्या गाड्यांचा हिशेब ठेवणारा माणूस बायपोलरच्या, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याच्या, आजारातून सावरतो. झोप लागते, मन शांत असतं, तरी वजनकाट्यावरचा आकडा वहीपर्यंत डोक्यात टिकत नाही. घरचे म्हणतात, जळगावला नेऊन एमआरआय काढू. मी म्हणेन, आधी चाचणी.

एमआरआय निरुपयोगी नाही. आजार उतारवयात पहिल्यांदाच उमटला, फिट आली किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर तो काढावाच. पण बायपोलरचं निदान त्यातून होत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनिग्मा या अनेक देशांतल्या मेंदू-संशोधकांच्या गटाच्या अभ्यासात २,४४७ रुग्ण आणि ४,०५६ निरोगी लोकांचे स्कॅन ताडून पाहिले. रुग्णांमध्ये मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत पातळ निघाला, पण सरासरीने आणि थोडाच. एकट्याचा रिपोर्ट बहुधा ‘नॉर्मल’ येतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघा, हा नाटकं करतो.’ याचा मला फार राग येतो. त्रास खरा असतो. मूड स्थिर असतानाही अनेकांना तो राहतो.

चाचणीत मानसशास्त्रज्ञ आकडे उलटे म्हणायला लावतात: ७-२-९ चं ९-२-७. शब्दांची यादी वाचून दाखवतात, काही वेळाने पुन्हा विचारतात. लक्ष, वेग की आठवण, नेमकं कुठे अडतं ते कळतं. घरी अहिराणी बोलणाऱ्याला सूचना नीट समजल्यात ना, हे आधी पाहावं, नाहीतर गुण उगाच कमी पडतात. चाचणी मूड स्थिर असतानाच करावी. त्याआधी थायरॉइड आणि, मूड स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी चालू असेल तर, तिची पातळी रक्तातून तपासून घ्यावी.