ल्युपसची गोळी: डोळ्यांसाठी बंद करावी की चालू ठेवावी?

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटण्याचा आजार. त्यावरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी पाच-सात वर्षं घेतली की "ही गोळी डोळे घालवते" असं कुणीतरी सांगतंच. भीती अगदीच खोटी नाही, पण तेवढ्यावर गोळी सोडणं जास्त महागात पडू शकतं.

बंद केली तर गोळीचा परिणाम त्याच दिवशी थांबत नाही. अंगातलं औषध निम्म्यावर यायलाच सुमारे 40 दिवस लागतात. डोळ्याच्या पडद्याला मोठी इजा झालेली असेल तर ती नंतरही वाढू शकते आणि गेलेली नजर परत येत नाही. दुसरीकडे ल्युपस उसळतो: 1991 सालच्या कॅनडातल्या चाचणीत गोळी काढलेल्यांमध्ये हा धोका अडीच पट दिसला. उसळलेला आजार पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद पाडू शकतो. तो आवरायला स्टेरॉइड वाढवलं की मोतीबिंदू आणि काचबिंदूची भीती आलीच.

चालू ठेवली तर सगळी मदार डोसवर. वजनाच्या दर किलोला रोज 5 मिलिग्रॅम, त्याहून जास्त नको. एवढं पाळलं तर पहिल्या 10 वर्षांत पडद्याच्या इजेचा धोका 2 टक्क्यांच्या आत राहतो, 20 वर्षांनंतर मात्र 20 टक्क्यांच्या आसपास जातो. 48 किलोच्या बाईला मर्यादा 240 मिलिग्रॅम. तिला रोज 400 ची गोळी चालू असेल तर ती किलोला 8 च्या वर गेली. म्हणून दर भेटीला काट्यावर उभं राहा, जुन्या चिठ्ठीतलं वजन धरू नका. किडनी अधू असेल तर औषध अंगात साठतं, धोका वाढतो.

तपासणी पहिल्या वर्षात एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असल्यास आधीपासूनच. ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र) आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या घेराची तपासणी) दोन्ही हव्यात. आशियाई रुग्णांत इजा बऱ्याचदा पडद्याच्या मध्यापासून थोडी लांब सुरू होते, तेव्हा फक्त मधला भाग तपासणाऱ्या 10-2 फील्डबरोबर जास्त घेर तपासणारी 24-2 किंवा 30-2 फील्डही मागा. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, कुठेही करा, पण मागचे रिपोर्ट सोबत न्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं. खानापूर-निपाणीला स्वतः गाडी चालवत परतू नका.

आमचं मत: तपासण्या स्वच्छ असतील तर योग्य डोसवर चालू ठेवा. थकलेल्या माणसाची फील्ड टेस्ट सहज बिघडते. एकाच खराब रिपोर्टवर सोडू नका, पुन्हा करून घ्या. ओसीटी आणि फील्ड दोन्हीत इजा दिसली तर मात्र गोळी थांबवायलाच हवी, तीही डोळ्यांचे आणि संधिवाताचे डॉक्टर एकमेकांशी बोलल्यावर. स्टेरॉइड स्वतःहून एकदम कधीच सोडू नका. नजर अचानक गेली, तर वार्षिक तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.