हार्पर्स फेरीचा टोपो नकाशा: जुना घ्यावा की नवा?

हार्पर्स फेरी हे वेस्ट व्हर्जिनियातलं जेमतेम तीनशे वस्तीचं गाव, पोटोमॅक आणि शेनान्डोआ नद्यांच्या संगमावरचं. वॉशिंग्टन परिसरातून तिथे ट्रेकला जाणार असाल, तर अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे, म्हणजे यूएसजीएसचे, दोन टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणारे नकाशे, फुकट मिळतात. एक विसाव्या शतकातलं जुनं शीट, दुसरा 2009 पासून निघू लागलेल्या 'यूएस टोपो' मालिकेतला. प्रमाण दोन्हींचं 1:24,000. आपल्याकडच्या 1:50,000 च्या टोपोशीटची सवय असेल तर सांभाळा: तिथे एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, इथे फक्त 240 मीटर.

गावासमोरचा मेरीलँड हाइट्स हा डोंगर चढून परत यायचं असेल, तर नवाच घ्या. त्यातले रस्ते अलीकडचे आहेत, खाली हवाई छायाचित्राचा थर आहे आणि जीपीएसशी तो जुळतो. जुनं शीट जागेचे निर्देशांक ठरवण्याच्या 1927 च्या संदर्भप्रणालीवर बेतलेलं. फोनमधले यूटीएम आकडे, म्हणजे मीटरमध्ये जागा सांगणारे निर्देशांक, त्यावर तसेच मांडलेत तर जागा 200 मीटरच्या आसपास चुकते. पायवाटांसाठी मात्र दोन्हींवर विसंबू नका, नॅशनल पार्क सर्व्हिसचा नकाशा सोबत ठेवा.

गाव समजून घ्यायचं असेल तर माझं मत ठामपणे जुन्याच्या बाजूने. त्यावर सुटं घरसुद्धा छोट्या काळ्या चौकोनाने दाखवलेलं असतं. नव्यात शाळा, अग्निशमन केंद्र अशा मोजक्याच इमारती येतात, राहती घरं नाहीत. नदीकाठच्या गावाच्या नकाशात ही उणीव मला फार मोठी वाटते. समोच्च रेषा सखल जमीन कुठे आहे ते सांगतात, पण तिथे वस्ती किती, हे घरं दिसल्याशिवाय कसं कळणार? 1936 च्या पुराने इथले पूल वाहून नेले. पाणी कोणाच्या दारात शिरलं असेल, याचा अंदाज जुन्या शीटवरच बांधता येतो.

अमेरिकी यादवी युद्धात, 1862 मध्ये, दक्षिणेच्या सेनापती जॅक्सनच्या तोफांपुढे साडेबारा हजारांच्या आसपास युनियन, म्हणजे उत्तरेचे, सैनिक शरण का गेले, ते मात्र दोन्ही नकाशांत दिसतं: समोरच्या दोन्ही डोंगरांवर रेषा एकमेकींना खेटून, म्हणजे उभा चढ, आणि गाव खाली, पूर्ण माऱ्यात.

जुन्या शीटवर जांभळ्या रंगात काही दिसलं, तर ती हवाई छायाचित्रांवरून नंतर घातलेली भर समजा.

मी नवा फोनमध्ये ठेवेन आणि जुना कागदावर छापून घेईन. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा, नाहीतर प्रमाण बिघडतं.