कॉलिन पॉवेल यांची ढाल आणि लॉर्ड लायनची कचेरी

फौजी माणसाचं कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवर मांडलेलं कुलचिन्ह, किती कमी चिन्हांत बसतं, हे पाहायचं तर एडिंबराच्या लॉर्ड लायनच्या कचेरीने (स्कॉटलंडमध्ये अशी कुलचिन्हं हीच कचेरी देते) २००४ मध्ये दिलेलं अमेरिकी जनरल कॉलिन पॉवेल यांचं पाहावं. निळी ढाल, तिच्यावर टोकं खाली करून फुलीसारख्या ठेवलेल्या दोन रुपेरी तलवारी आणि चार कोनांत चार रुपेरी तारे. फोर-स्टार जनरल, आणखी काही लिहायला नको. वरच्या रुपेरी पट्ट्यात लाल सिंह. माथ्यावर गरुडाचं मस्तक, कारण पॉवेल यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये ब्रिगेड सांभाळली होती आणि त्या डिव्हिजनच्या बाहीवरच्या बिल्ल्यात हाच गरुड आहे. ब्रीद मात्र सपक: 'डिव्होटेड टू पब्लिक सर्व्हिस'. कुठल्याही नगरपालिकेच्या लेटरहेडवर खपेल!

चिन्हं कमी ठेवायची, आणि नवखे अर्जदार नेमके इथे फसतात. ढालीवर पदकं, रणगाडा, लढायांची नावं, सगळंच हवं असतं. मग अंगठीच्या शिक्क्यावर नुसता डाग उमटतो. पदकं ढालीखाली रिबिनीने टांगतात, आत घेत नाहीत. रेजिमेंटचा बॅजही जसाच्या तसा उचलू नये, तो रेजिमेंटचा असतो. त्यातलं एखादं चिन्ह वेगळ्या मांडणीत घ्यावं. रंगावर रंग चालत नाही, धातूवर धातू नाही. सोनेरी-पिवळा आणि रुपेरी-पांढरा हे धातू. काळ्यावर गडद हिरवं काढलं तर चार पावलांवरून काही दिसत नाही, म्हणून हा नियम.

अर्ज स्कॉटलंडमध्ये स्थायिक असलेल्या कुणालाही करता येतो, तिथल्या मराठी माणसालाही. बाहेरच्यांना बहुधा तिथला पूर्वज दाखवावा लागतो. पॉवेल यांची ढाल कागदोपत्री त्यांच्या जमैकात जन्मलेल्या वडिलांच्या नावे आहे. अर्जासोबत दाखले जोडायचे, मग आराखड्यावर चर्चा, शेवटी हाताने रंगवलेली, मोहोरबंद सनद आणि १६७२ पासून चालत आलेल्या नोंदवहीत नोंद. घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. सनदेतलं शब्दांतलं वर्णन पक्कं असतं. चित्र कुणीही चित्रकार आपल्या हाताने पुन्हा काढू शकतो. म्हणून मंजुरीआधी वर्णनाची ओळ न् ओळ तपासावी, विशेषतः तलवारीचं टोक वर की खाली.

हक्क त्या व्यक्तीचा, आडनावाचा नव्हे. दुकानांत मिळणाऱ्या 'तुमच्या आडनावाच्या' पाट्या निव्वळ शोभेच्या. थोरल्या वारसाला तीच ढाल जाते, धाकट्यांना फरक करून नव्याने नोंदवावी लागते. नुसत्या ढालीची फी कमी, माथ्याचं चिन्ह घेतलं की वाढते. हात आखडता असेल तर नुसती ढाल घ्यावी.